अधरवेधन

अधरवेधन : खालच्या ओठास किंवा ओठाखालील त्वचेस आरपार छिद्र पाडून त्यात खुंटी, मणी, कडी किंवा चकती धारण करण्याची प्रथा. अशा अलंकारास यूरोपीय ग्रंथांतून ‘लॅब्रेट’ अशी संज्ञा आहे. ती ‘लॅब्रम’ म्हणजे ओठ या लॅटिन शब्दावरून आली. कान व नाक टोचण्याची चाल जगाच्या बहुतेक भागांत आढळते. तिच्या तुलनेत अधरवेधनाचा प्रसार मर्यादित असला, तरी एकमेकांशी संबंध नसलेल्या अनेक समाजांत ते स्वतंत्रपणे उदयास आलेले दिसते. उत्तर अमेरिकेचा वायव्य किनारा व आर्क्टिक प्रदेश, मेक्सिको, ब्राझील, मध्य व पूर्व आफ्रिका ही त्याची प्रमुख क्षेत्रे होत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत ते यूरोप-अमेरिकेतील शहरी तरुणांत व पुढे भारतातील मोठ्या शहरांतही रूढ झाले. या प्रथेचा लिखित इतिहास प्रामुख्याने परक्या प्रवाशांनी लिहिलेला आहे व त्यांपैकी बहुतेकांना तीत केवळ विद्रूपता दिसली. धारण करणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र ती वय, कूळ, पराक्रम किंवा वाणीचा अधिकार यांची खूण होती. त्यामुळे प्रवासवर्णनांच्या जोडीला पुरातत्त्वीय अवशेष आणि आधुनिक मानवशास्त्रीय क्षेत्राभ्यास यांचा आधार घेतल्यावाचून या प्रथेचे यथार्थ आकलन होत नाही.

प्राचीनता : ओठ हा मऊ अवयव असल्याने तो मृत्यूनंतर टिकत नाही. तथापि अधरवेधनाची साक्ष दात देतात. अलंकाराची आतील चपटी बाजू खालच्या कृंतक (पटाशीच्या) दातांवर वर्षानुवर्षे घासत राहिल्याने त्यांच्या दर्शनी पृष्ठभागावर गुळगुळीत, चकाकणारा सपाट भाग तयार होतो. चर्वणाने होणाऱ्या झिजेहून ही झीज अगदी निराळी असते. आग्नेय तुर्कस्तानातील मार्दिन प्रांतात, तायग्रिस नदीच्या खोऱ्यात असलेल्या बोंजुक्लू तार्ला या नवाश्मयुगीन वसाहतीच्या उत्खननात, सु. ११,००० वर्षांपूर्वीच्या दफनांमध्ये सांगाड्यांच्या कवटीलगत, कानाच्या व हनुवटीच्या जागी दगडी खुंट्या सापडल्या. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ८५ वस्तूंचा विचार केलेला असून, काही व्यक्तींच्या खालच्या दातांवरील झिजेने त्या ओठात घातल्या जात असल्याच्या निष्कर्षास पुष्टी मिळाली. हे अलंकार स्त्रिया व पुरुष या दोहोंच्या दफनांत मिळाले. मुलांच्या दफनांत मात्र ते आढळले नाहीत. छिद्र पाडणे हा प्रौढत्वात प्रवेश करण्याचा विधी असावा, असे अनुमान त्यावरून काढण्यात आले आहे. पुढे वर्णिलेल्या बहुतेक समाजांतही वेधनाचा वयात येण्याशी संबंध दिसतो, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

उत्तर अमेरिका : अलास्काच्या दक्षिणेकडील किनारा व लगतची बेटे येथील त्लिंगित, हैदा व त्सिमशियन जमातींत ऐतिहासिक काळात हा अलंकार स्त्रियांचा होता. मुलगी ऋतुमती झाली, की तिला काही काळ वेगळे ठेवीत आणि त्या सुमारास तिचा खालचा ओठ टोचून त्यात बारीक काडी किंवा तार घालीत. पुढे वयाबरोबर आणि घराण्याच्या प्रतिष्ठेबरोबर छिद्र वाढवीत नेत. प्रौढ, कुलीन स्त्रीच्या ओठातील लंबवर्तुळाकार लाकडी चकती कित्येक सेंटिमीटर रुंद असे. तिच्या कडेला खोबण असून ओठाची ताणलेली कड तीत कड्यासारखी बसे. दास्यात असलेल्या स्त्रियांना हा अलंकार वर्ज्य होता. म्हणजे चकती नसणे हीच तेथे उणेपणाची खूण होती.

१७८६ च्या जुलैमध्ये लितूया उपसागरात उतरलेला फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझ याने या चकतीविषयी तीव्र घृणा व्यक्त केली आहे. त्याच्याच वृत्तांतात मात्र एक मार्मिक निरीक्षण नोंदलेले आहे. त्याच्या लोकांनी आग्रह केल्यावरून काही स्त्रियांनी मोठ्या अनिच्छेने चकती काढली, तेव्हा परपुरुषासमोर वक्ष उघडा पडल्यास यूरोपीय स्त्री जशी संकोचेल तशा त्या संकोचल्या. चकतीवाचून असणे म्हणजे विवस्त्र असणे, हा त्याचा अर्थ त्याच्या दृष्टीस पडला होता. त्याच्या अभिरुचीत मात्र त्याने फरक पडला नाही. पुढच्याच वर्षी, १७८७ मध्ये, केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी याच किनाऱ्यावर आलेला इंग्रज कप्तान जॉर्ज डिक्सन याने एका वृद्धेजवळची शिंपल्याने मढवलेली, तांब्याची कड असलेली चकती विकत घेतली. ती सु. १० सेंमी. लांब होती. कुऱ्हाड, भांडी अशा किनाऱ्यावर मोलाच्या मानल्या जाणाऱ्या वस्तू त्या वृद्धेने धुडकावून लावल्या व अखेरीस चकचकीत गुंड्यांच्या मोबदल्यात ती दिली, असे त्याच्या सफरीच्या वृत्तांतात म्हटले आहे. रशियन व्यापारी त्लिंगितांना ‘कोलोश’ म्हणत. हे नाव ओठातील चकतीच्या अल्यूत नावावरूनच पडले, असे मानतात.

एकोणिसाव्या शतकात रशियन व पुढे अमेरिकन अंमल, ख्रिस्ती धर्मप्रचार आणि देवीच्या साथींनी झालेला लोकसंख्येचा ऱ्हास यांमुळे ही प्रथा क्षीण होत गेली. जर्मन भूगोलज्ञ आउरेल क्राउझ १८८१–८२ मध्ये त्लिंगित प्रदेशात गेला, तेव्हा मोठी चकती वृद्ध स्त्रियांच्याच ओठात उरली होती. तरुण स्त्रिया फार तर चांदीची बारीक टाचणी घालीत. या प्रदेशातील प्राचीन दफनांवरून असे दिसते, की काही हजार वर्षांपूर्वी येथे पुरुषही ओष्ठालंकार वापरीत असत. तो केवळ स्त्रियांकडे कधी व का गेला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

बेरिंग सामुद्रधुनीलगतच्या अलास्काच्या भागात व अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर याच्या उलट स्थिती होती. तेथील इन्युपिआत व यूपिक पुरुष खालच्या ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांखाली एकेक छिद्र पाडून त्यांत वॉलरसच्या सुळ्याच्या, दगडाच्या किंवा काचमण्यांच्या खुंट्या घालीत. मुलगा वयात आला, की ही छिद्रे पाडली जात. अमेरिकन निसर्गवैज्ञानिक एडवर्ड विल्यम नेल्सन याने १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक व्यावहारिक तपशील दिला आहे. कडाक्याच्या थंडीत प्रवास करताना या खुंट्यांमुळे ओठ गोठण्याचा धोका असे. म्हणून प्रवासी त्या काढून लहान पिशवीत ठेवीत आणि गाव जवळ आल्यावर पुन्हा घालीत. चारचौघांत खुंटीवाचून जाणे त्यांना प्रशस्त वाटत नसे.

मेक्सिको : ॲझटेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत या अलंकारास ‘तेंतेत्ल’ (ओठाचा दगड) म्हणत. येथे तो पुरुषांचा, आणि तोही राजा, सरदार व पराक्रमी योद्धे यांचा अलंकार होता. कोणत्या दर्जाच्या व्यक्तीने कोणत्या पदार्थाचा व आकाराचा अलंकार घालावा, याचे नियम ठरलेले होते. ऑब्सिडियन या ज्वालामुखी काचेच्या अतिशय पातळ पोकळ खुंट्या, स्फटिकाच्या निमुळत्या नळ्या आणि सोन्याचे गरुडमुख किंवा सर्पमुख ही त्यांची प्रसिद्ध रूपे होत. कठीण व ठिसूळ अशा या काचेला लोखंडी हत्यारांवाचून, केवळ घासून दिलेला आकार व झिलई हे तत्कालीन मणिकारांचे असामान्य कौशल्य होय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात असलेल्या एका सुवर्णसर्पाची दुभंगलेली जीभ सुटी हलती ठेवलेली आहे. धारण करणारा बोलू लागला, की ती लवलवत असणार. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडल्यानंतर स्पॅनिश विजेत्यांनी असे बहुतेक सुवर्णालंकार वितळविले, त्यामुळे आज उपलब्ध असलेले नमुने मोजके आहेत.

ब्राझील : ब्राझीलच्या किनाऱ्यावरील तूपिनांबा पुरुष ओठात प्रथम हाड व पुढे हिरवा दगड घालीत. या अलंकाराचे तूपी नाव ‘तेंबेता’ असे आहे. हान्स स्टाडेन (१५५७) व झां द लेरी (१५७८) यांच्या प्रवासग्रंथांत त्याची वर्णने आढळतात. अंतर्भागातील काही जमाती हलक्या लाकडाच्या मोठ्या चकत्या ओठात व कानांत घालीत. पोर्तुगीज भाषेत पिंपाच्या बुचाला ‘बोतोके’ म्हणतात; त्यावरून वसाहतवाल्यांनी या लोकांना ‘बोतोकुदो’ हे नाव दिले. ते त्यांचे स्वतःचे नाव नव्हे. १३ मे १८०८ रोजी पोर्तुगालचा युवराज झ्वांव याने फर्मान काढून त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारले व पकडलेल्यांना ठराविक मुदतीपर्यंत गुलाम म्हणून राबविण्याची मुभा दिली. हे फर्मान १८३१ मध्ये रद्द झाले. तोपर्यंत अनेक टोळ्या नामशेष झाल्या होत्या. ओठातील चकती ही या काळात रानटीपणाचा पुरावा म्हणून चित्रांतून व ग्रंथांतून वारंवार पुढे करण्यात आली. या लोकांपैकी क्रेनाक हा समूह आज अस्तित्वात आहे. त्या समूहातील लेखक आयल्तोन क्रेनाक यांची २०२३ मध्ये ब्राझीलच्या साहित्य अकादमीवर निवड झाली.

झिंगू नदीच्या खोऱ्यातील कायापो व कीसेज्जे (पूर्वीचे नाव सुया) या जमातींच्या अभ्यासातून अधरवेधनाच्या अर्थावर विशेष प्रकाश पडला. अँथनी सीगर याने १९७५ मध्ये दाखवून दिले, की सुया लोकांत कानातील चकती ऐकण्याशी व समजण्याशी, तर ओठातील चकती बोलण्याशी व गाण्याशी जोडलेली आहे. दृष्टी व घ्राण यांना त्यांच्या दृष्टीने तसे सामाजिक मोल नाही, म्हणून डोळे व नाक यांना अलंकार नाहीत. टेरेन्स टर्नर याने १९८० मध्ये कायापोंसंबंधी तत्सम विवेचन केले. मुलग्याचा ओठ तान्हेपणीच टोचला जातो. पण मोठी चकती प्रौढ पुरुषच धारण करतो, कारण गावाच्या मधल्या चौकात उभे राहून वक्तृत्व करण्याचा अधिकार त्याचा. कायापो पुढारी राओनी मेतुक्तिरे हे १९८९ मध्ये वर्षारण्यांच्या रक्षणासाठी जगभर फिरले, तेव्हा त्यांच्या ओठातील चकतीचे छायाचित्र सर्वत्र झळकले. बहुतेक प्रेक्षकांना ते रानाचे प्रतीक वाटले. कायापो संकेतानुसार ते वक्त्याचे चिन्ह होते.

आफ्रिका : इथिओपियाच्या नैर्ऋत्येस ओमो नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या मुर्सी व सुरी स्त्रिया खालच्या ओठात मातीच्या भाजलेल्या किंवा लाकडी चकत्या घालतात. २००७ च्या जनगणनेनुसार मुर्सींची संख्या सु. ७,५०० होती. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली, की तिची आई किंवा दुसरी जाणती स्त्री ओठाला छेद देऊन त्यात लाकडाची लहान खुंटी बसविते. जखम भरल्यावर काही महिने उत्तरोत्तर मोठ्या खुंट्या घालून ओठ ताणला जातो. किती ताणावयाचा हे बऱ्याच अंशी मुलगी स्वतः ठरवते. चकतीला जागा मिळावी म्हणून पुष्कळदा खालचे कृंतक दात काढले जातात. चकती सर्वकाळ घातलेली नसते. पतीला अन्न वाढताना, गाईंचे दूध काढताना आणि विवाहादी प्रसंगी ती घालण्याचा रिवाज आहे.

गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवून नेऊ नये म्हणून स्त्रियांना हेतुतः विद्रूप करण्यात आले, अशी एक उपपत्ती प्रवासी मार्गदर्शिकांतून व लोकप्रिय लेखनातून सतत सांगितली जाते. तिला आधार नाही. मुर्सींमध्ये दीर्घकाळ राहिलेला ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ डेव्हिड टर्टन याने ती अमान्य केली आहे. चकती धारण करणारी स्त्री मुर्सींच्या दृष्टीने देखणी व विवाहयोग्य असते, विद्रूप नव्हे. चकतीचा आकार जितका मोठा तितके वधूमूल्य अधिक, हे विधानही असेच ऐकीव आहे. वधूमूल्याची गुरे प्रायः दोन्ही कुळांच्या वाटाघाटींत ठरतात. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पर्यटक छायाचित्रामागे पैसे देऊ लागल्याने चकतीला एक नवा, बाजारी उपयोग प्राप्त झाला. दुसरीकडे इथिओपियन शासनाने ही प्रथा हानिकारक ठरवून ती सोडण्याविषयी दडपण आणले. अशा दुहेरी ओढीत आज मुर्सी मुली ओठ कापावा की नाही याचा निर्णय घेत असतात.

चाड प्रदेशातील सारा जमातीच्या काही स्त्रियांना तर या अलंकारापायी प्रदर्शनाची वस्तू व्हावे लागले. १९३० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या सर्कशीने त्यांना ‘उबांगी’ या नावाने प्रेक्षकांपुढे उभे केले. उबांगी हे एका नदीचे नाव आहे व या स्त्रिया तिच्या काठच्या नव्हत्या. सर्कशीच्या जाहिरातदाराने नकाशातून ते नाव केवळ कानाला बरे वाटले म्हणून उचलले होते. पुढे अनेक वर्षे इंग्रजी बोलीत ते ओठात चकती घालणाऱ्या कोणाही व्यक्तीसाठी वापरले गेले.

भारत : भारतात वेधनाची परंपरा प्राचीन असली, तरी ती मुख्यतः कान व नाक यांपुरती आहे, ओठ टोचून कायमचा अलंकार घालण्याची रूढी मुख्य प्रवाहात आढळत नाही. महाराष्ट्रात कुडी, बुगडी, भिकबाळी आणि नथ यांना स्वतंत्र छिद्रस्थाने आहेत, पण ओठ मोकळा आहे. दक्षिणेत मुरुगन देवतेच्या उत्सवात नवस फेडण्यासाठी गाल, जीभ किंवा ओठ शलाकेने विंधण्याची चाल आहे. परंतु ती तात्पुरती असून शलाका काढल्यावर जखम भरू दिली जाते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णवेधनाविषयी असून त्यात बालकाचा कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावा आणि दर तीन दिवसांनी अधिक जाड वात घालून छिद्र वाढवावे, असे विधान आहे. मुर्सी किंवा त्लिंगित स्त्रिया ओठ वाढवीत त्या पद्धतीचे तत्त्व हेच. त्याच अध्यायात फाटलेली कर्णपाळी जोडण्याचे प्रकार व नासासंधानाचा विधी देऊन, ओठाचे संधानही नळ्यांवाचून तसेच करावे असे सांगितले आहे.

आधुनिक प्रसार : १९७० नंतर इंग्लंड-अमेरिकेतील पंक व अन्य बंडखोर तरुण समूहांनी कानाखेरीज इतर अवयव टोचून घेण्यास आरंभ केला. लॉस अँजेल्स येथे जिम वॉर्ड याने १९७५ मध्ये सुरू केलेल्या ‘गाँटलेट’ या व्यवसायातून वेधनाची तंत्रे व खास अलंकार प्रमाणित झाले. १९९४ मध्ये व्यावसायिक वेधकांची संघटना अमेरिकेत स्थापन झाली. त्याच वर्षी यूरोपीय समुदायाने वेधनाच्या अलंकारांतील निकेल या धातूवर मर्यादा घातली, कारण निकेलमुळे अनेकांच्या त्वचेस तीव्र अधिहर्षता (ॲलर्जी) होते. या नव्या प्रथेत जमातीचा विधी नाही, ठराविक वय नाही, वडीलधाऱ्यांची अनुमती बहुधा नाही. निर्णय एकट्या व्यक्तीचा असतो. म्हणूनच पूर्वी आई किंवा जाणती स्त्री जे सांगे, ते आज वेधकाने व दंतवैद्याने सांगावे लागते.

शारीरिक परिणाम व काळजी : ओठ हा बाहेरून त्वचा, मध्ये मुखवलयी स्नायू व आतून श्लेष्मल पटल अशा थरांचा असून त्यातून अधर रोहिणीच्या शाखा जातात. त्याचा रक्तपुरवठा विपुल असल्याने वेधनानंतर सूज लवकर व पुष्कळ येते, परंतु जखमही तुलनेने लवकर भरते. निर्जंतुक, पोकळ, एकदाच वापरावयाच्या सुईने छिद्र पाडतात. वेदना तीव्र परंतु क्षणिक असते. प्रथम घालावयाची दांडी मुद्दाम लांब ठेवतात, कारण पहिल्या तीन ते पाच दिवसांत ओठ सुजतो व आखूड दांडी त्यात रुतून बसण्याची भीती असते. सूज ओसरल्यावर, सामान्यतः काही आठवड्यांनी, दांडी बदलून आखूड घालणे अगत्याचे आहे. ते न केल्यास लांब टोक दात व हिरड्या यांवर आपटत राहते. छिद्राच्या अंतर्भागास नवे आवरण येण्यास सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत काळ लागतो. या काळात फिकट पिवळसर स्राव येऊन त्याची खपली धरणे स्वाभाविक होय. ताप, पसरणारी लाली, वाढता ठणका किंवा दाट पू ही मात्र जंतुसंसर्गाची लक्षणे असून त्वरित वैद्यकीय उपचार घ्यावे लागतात. अशा वेळी अलंकार आपण होऊन काढल्यास छिद्र मिटून पू आत कोंडण्याचा संभव असतो.

बाहेरून निर्जंतुक लवणजलाने (०.९ टक्के) स्वच्छता ठेवणे व खाल्ल्यानंतर मद्यार्करहित द्रवाने चूळ भरणे एवढे सामान्यतः पुरेसे असते. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा घरगुती लेप यांनी नवी ऊतके जळतात. तंबाखू व धूम्रपान यांमुळे भरून येण्यास विलंब लागतो. निर्जंतुकीकरणात हयगय झाल्यास यकृतशोथ-बी सारखे रक्तातून पसरणारे रोग होऊ शकतात. हृदयाच्या झडपांचा विकार, रक्तस्रावाची प्रवृत्ती किंवा अनियंत्रित मधुमेह असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून वेधन करू नये. अलंकारासाठी शरीरात रोपण करण्याच्या प्रतीचे टिटॅनियम सर्वांत निर्धोक मानले जाते. सोने चालते, परंतु हलक्या कसाच्या सोन्यातील मिश्रधातू त्रासदायक ठरू शकतात.

हे सर्व काही आठवड्यांचे प्रश्न झाले. खरी हानी सावकाश होते. उपलब्ध अभ्यासांच्या २०१६ मधील एका पद्धतशीर आढाव्यात ओठ टोचलेल्यांपैकी सु. निम्म्या व्यक्तींत हिरडी मागे सरकलेली, तर सु. चतुर्थांश व्यक्तींत दातांना इजा झालेली आढळली. मागे सरकलेली हिरडी आपोआप पूर्ववत होत नाही. बोंजुक्लू तार्लाच्या सांगाड्यांतील झिजलेल्या कृंतकांचे आणि आजच्या दंतवैद्यास दिसणाऱ्या दुखापतींचे मूळ कारण एकच आहे. कठीण वस्तूचे सतत घर्षण.

अलंकार काढून टाकल्यास नवे छिद्र काही दिवसांतच मिटू लागते. जुने छिद्र आक्रसून बारीक वण उरतो. कधीकधी त्यातून लाळ पाझरत राहते. चकती घालण्याइतका ताणलेला ओठ मात्र आपोआप पूर्वस्थितीत येत नाही, तो लोंबता राहतो. अशा ओठाची अतिरिक्त ऊतके कापून कडा शिवाव्या लागतात. जड कुड्यांनी फाटलेली कानाची पाळी शिवण्याची शस्त्रक्रिया महाराष्ट्रात सर्रास होते. ओठाची शस्त्रक्रिया त्याच जातीची, परंतु मुखवलयी स्नायू नीट जुळवावा लागत असल्याने अधिक नाजूक असते.